नवा रुंद मॉनिटर, जुना कॉम्प्युटर आणि जाड झालेला गणपती

आधी लक्षणं सांगतो, तुमचं यातलं कुठलं ते बघा.

– चित्र स्क्रीनभर येतंय पण सगळं आडवं ताणलेलं. माणसं जाड, गोल शिक्का अंड्यासारखा.
– अक्षरं पुसट, कडेला हलकी सावली, अर्ध्या तासात डोळे दुखायला लागतात.
– दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या, किंवा चारही बाजूंनी काळी चौकट.
– चित्र एका अंगाला सरकलेलं, स्टार्टचं बटण अर्धं स्क्रीनच्या बाहेर.
– रिझोल्यूशनच्या, म्हणजे आडव्या-उभ्या ठिपक्यांच्या, लिस्टमध्ये १०२४ बाय ७६८ च्या पुढे काही नाहीच.
– विंडोजचा लोगो नीट दिसतो आणि मग काळं, मधे 'आउट ऑफ रेंज' किंवा 'इनपुट नॉट सपोर्टेड'.
– चालू केल्यापासूनच 'नो सिग्नल'.

मी पुण्यात नारायण पेठ, शनिवार पेठ, सदाशिव पेठेतल्या छोट्या प्रेस आणि डीटीपीवाल्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो. तिथे अजून विंडोज एक्सपी आणि विंडोज ७ ची मशिन सुखात चालू आहेत, कारण पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फायली आहेत, फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे ते चालू व्हायला लागणारी किल्ली, मागच्या प्रिंटर पोर्टला लागतं आणि ते नव्या मशिनला लागतच नाही. मग मशिन तेच राहतं आणि जुना मॉनिटर गेला की नवा रुंद आणला जातो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन येतो. हा एकच फोन मी इतक्या वेळा घेतलाय की आता समोरच्याने 'अरे' म्हटलं तरी कळतं.

एक किस्सा सांगतोच, कारण ताणलेलं चित्र 'चालतंय की, दिसतंय ना' म्हणून सोडून देणारे खूप आहेत. लग्नपत्रिकांचं काम करणाऱ्या एका काकांकडे नवा २२ इंची मॉनिटर लागला. ऑपरेटर ताईंना पत्रिकेवरचा गणपती फारच रुंद दिसायला लागला, त्यांनी तो ओढून बारीक केला, डोळ्याला बरा दिसेपर्यंत. चारशे पत्रिका छापून आल्या तेव्हा गणपती उपाशी असल्यासारखा. काका म्हणाले, "अरे, बाप्पाला डाएटवर टाकलंस की काय मॉनिटर लावून!" हिशोब सोपा आहे. ४:३ चं (रुंदी चार, उंची तीन) चित्र १६:९ च्या स्क्रीनवर ताणलं की रुंदी ३३ टक्क्यांनी वाढते, ताईंनी नजरेने ती बरोबर पाऊण केली होती. म्हणजे ताईंची नजर अचूक होती, स्क्रीन खोटं बोलत होती.

तुमची स्क्रीन खोटं बोलतेय का ते तपासायला फुकटची युक्ती: पेंट उघडा, शिफ्ट दाबून वर्तुळ काढा, चांगलं मोठं. शाळेची पट्टी काचेला लावून आडवं आणि उभं मोजा. दोन्ही सारखं आलं तर प्रमाण ठीक. नुसत्या डोळ्यावर विश्वास ठेवू नका, दोन दिवसांत डोळ्याला जाड माणसांची सवय होते.

आता हे होतं का, ते थोडक्यात. जुना डबा मॉनिटर, म्हणजे सीआरटी, त्याला ठरावीक ठिपके नव्हते, तुम्ही ८०० बाय ६०० द्या नाहीतर १०२४ बाय ७६८ द्या, तो बिचारा सगळं बऱ्यापैकी दाखवायचा. नव्या एलसीडीत ठिपके मोजून बसवलेले असतात, फुल एचडी म्हणजे १९२० आडवे आणि १०८० उभे. कॉम्प्युटरने नेमके तेवढेच पाठवले तर चित्र काचेसारखं, कमी पाठवले तर मॉनिटर ओढूनताणून भरतो आणि तिथेच पुसटपणा येतो. किती पाठवायचे हे कॉम्प्युटरला कसं कळतं? मॉनिटरच्या आत १२८ बाइटची एक छोटी ओळखचिठ्ठी असते, तिला ईडीआयडी म्हणतात, ती केबलमधून कॉम्प्युटरकडे जाते. ती चिठ्ठी पोचली नाही, किंवा पोचली पण वाचणारा ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स चालवणारं सॉफ्टवेअर, अडाणी निघाला, की वरची बहुतेक लक्षणं सुरू. म्हणून मी आधी मॉनिटरलाही दोष देत नाही आणि कॉम्प्युटरलाही नाही, आधी मधलं बघतो.

चला, फुकटातल्या गोष्टींपासून.

'नो सिग्नल' असेल तर मॉनिटरच्या मेनूत जाऊन इनपुट बघा. एचडीएमआय (नवी चपट्या तोंडाची डिजिटल केबल) सिलेक्ट आहे आणि केबल व्हीजीएची (जुनी, पिनांची) लावलीय, हे मी दर महिन्याला बघतो. मग कॅबिनेटच्या मागे बघा. व्हीजीएचं निळं सॉकेट दोन ठिकाणी असेल, एक वर कीबोर्ड-माउसच्या शेजारी आणि एक खाली आडव्या पट्टीत, तर खालचं वापरा. ते वेगळ्या ग्राफिक्स कार्डचं असतं, आणि कार्ड असलं की जुन्या बोर्डांवर वरचं सॉकेट बहुतेक वेळा आपोआप बंद होतं.

तरी काही नाही, आणि कॉम्प्युटर चालू करताना बीप-बीप वाजतोय? मग मॉनिटरचा काही संबंधच नाही. नवा मॉनिटर लावताना तुम्ही कॅबिनेट पुढे ओढलं, दहा वर्षं न हललेली रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी हलली. स्विच बंद, वायर काढा, रॅम बाहेर काढा, तिच्या सोनेरी दातांवर साधं खोडरबर हलकं फिरवा, चुरा झटका, 'कट्' असा आवाज होईपर्यंत परत दाबून बसवा. लोक हसतात, पण माझे 'नवा मॉनिटर खराब निघाला'वाले निम्मे फोन इथेच संपतात. आणि मॉनिटर दुकानात परत न्यायच्या आधी जुना मॉनिटर, किंवा शेजारच्याचा, पाच मिनिटं लावून बघाच. त्यावरही काही आलं नाही तर पिशवी भरू नका.

चित्र येतंय पण पुसट किंवा ताणलेलं: एक्सपीत डेस्कटॉपवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सेटिंग्ज. विंडोज ७ मध्ये राइट क्लिक, स्क्रीन रिझोल्यूशन. खोक्यावर जो आकडा छापलाय तोच ठेवा, त्याच्या जवळपासचा नाही, तोच. १८.५ इंची जुन्या मॉनिटरवर १३६६ बाय ७६८ असतं आणि लिस्टमध्ये फक्त १३६० बाय ७६८ दिसतं, त्याने घाबरू नका. जुन्या ग्राफिक्सना रुंदी आठने भाग जाणारी लागते, १३६६ ला आठने भाग जात नाही, म्हणून. सहा ठिपके गेले तर गेले.

इथे एक गंमत नेहमी होते. मी बरोबर सेट करून येतो आणि आठवड्याने परत पुसट. का, तर १९२० वर अक्षरं बारीक दिसतात म्हणून घरातल्या कोणीतरी रिझोल्यूशन खाली ओढलेलं असतं. अक्षरं मोठी करायची ती जागा ही नव्हे! रिझोल्यूशन खोक्यावरचंच ठेवा आणि विंडोज ७ मध्ये कंट्रोल पॅनल, डिस्प्ले, तिथे मीडियम १२५ टक्के करा. एक्सपीत अ‍ॅडव्हान्स्डमध्ये १२० डीपीआय आहे, पण जुन्या सॉफ्टवेअरच्या खिडक्या त्यात मोडतात, बटणं कापली जातात, म्हणून एक्सपीवाल्यांना मी सरळ चष्म्याचा नंबर तपासा म्हणतो. चेष्टा नाही, दोन काकांचा नंबर खरंच वाढलेला निघाला.

चित्र सरकलेलं असेल आणि केबल व्हीजीए असेल तर मॉनिटरच्या बटणांत 'ऑटो अ‍ॅडजस्ट' शोधा. ते दाबायच्या आधी नोटपॅड उघडून पूर्ण स्क्रीन पांढरी करा, हे कोणी सांगत नाही. व्हीजीएत चित्राची कड कुठे संपते हे मॉनिटर उजेडावरून ओळखतो, काळा वॉलपेपर ठेवून दाबलंत तर त्याला कडच सापडत नाही आणि तो भलतीकडे सरकवतो. ऑटोनेही अक्षरं थरथरत असतील तर 'फेज' थोडं मागेपुढे करा, उभे पट्टे दिसत असतील तर 'क्लॉक'. त्याच मेनूत 'अ‍ॅस्पेक्ट' किंवा 'वाइड / ४:३' असं काहीतरी असतं. कॉम्प्युटर १०२४ च्या पुढे जातच नसेल तर ते ४:३ वर ठेवा, बाजूला काळ्या पट्ट्या येतील पण गणपती गणपतीसारखा दिसेल. छपाईचं काम असेल तर पट्ट्या परवडल्या, ताण नको.

चारही बाजूंनी काळी चौकट हे प्रकरण वेगळं आहे, ते एचडीएमआय आणि एएमडीच्या जुन्या कार्डावर होतं. कार्डाला वाटतं पलीकडे टीव्ही आहे, म्हणून ते चित्र आधीच लहान करून पाठवतं. कॅटॅलिस्ट कंट्रोल सेंटरमध्ये स्केलिंगची पट्टी असते, ती शून्यावर न्या. उलट कडा कापल्या जात असतील तर मॉनिटरच्या मेनूत 'ओव्हरस्कॅन' बंद करा. झालं.

आता केबल. मला विचाराल तर अर्धा आजार इथेच असतो.

व्हीजीएच्या केबलचं तोंड उजेडात धरून बघा. पाच-पाचच्या तीन ओळी, १५ पिना. मधल्या ओळीत एक पिन, नववी, नसली तर चालतं, बऱ्याच केबलना ती मुळातच नसते, उगाच दुकानदाराशी भांडू नका. पण १२ आणि १५ नंबरच्या, म्हणजे तिसऱ्या ओळीतली दुसरी आणि पाचवी, या असायलाच हव्यात. ती ओळखचिठ्ठी याच दोन पिनांवरून जाते. स्वस्तातल्या केबलमध्ये याच गाळलेल्या असतात किंवा आत वायरच जोडलेली नसते. चित्र तर येतं, कारण लाल-हिरवा-निळा वेगळ्या पिनांवर आहेत, त्यामुळे केबलवर कोणाचा संशय जात नाही. खात्री करायची तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या भागांच्या विंडोजच्या यादीत, मॉनिटर्सखाली बघा, 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर' किंवा नुसतंच 'डिफॉल्ट मॉनिटर' लिहिलं असेल तर चिठ्ठी पोचत नाहीये. दुसरी केबल लावून तेच परत बघा. मला एकदा दोन तास ड्रायव्हर टाकण्यात गेले होते, मग समोरच्या झेरॉक्सवाल्याची केबल मागून आणली आणि पाच सेकंदांत १९२० बाय १०८० लिस्टमध्ये. तेव्हापासून माझ्या पिशवीत एक जाडजूड केबल कायम असते.

पिन वाकली असेल तर पक्कड लावू नका, तुटते. जाड शिशाची मेकॅनिकल पेन्सिल घ्या, शिसं काढून टाका, तिचं पोकळ धातूचं टोक पिनवर चढवा आणि हळूच सरळ करा, एका दमात नाही, थोडं-थोडं. आणि केबल सॉकेटला लावली की दोन्ही बाजूचे स्क्रू पिळाच, न पिळलेली केबल स्वतःच्या वजनाने लोंबते आणि चार दिवसांनी स्क्रीन पिवळी नाहीतर गुलाबी होते, म्हणजे एक रंग सुटला.

स्क्रीनवर हळूहळू वर सरकणाऱ्या आडव्या लाटा दिसतात का? मॉनिटर आणि सीपीयू एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. पेठेतल्या जुन्या वाड्यांत एका भिंतीला अर्थिंग आहे आणि दुसऱ्या भिंतीला नुसतंच तिसरं भोक आहे, अशी परिस्थिती असते, तो फरक व्हीजीएच्या चित्रात उतरतो. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर मात्र कॉम्प्युटर बाजूला ठेवा आणि आधी वायरमन बोलवा.

'आउट ऑफ रेंज'वाल्यांसाठी: जुन्या सीआरटीवर डोळ्याला त्रास नको म्हणून रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने काढायचं तो आकडा, ८५ किंवा ७५ हर्ट्झ ठेवलेला असायचा, तेच सेटिंग अजून मशिनमध्ये बसलंय आणि नवा मॉनिटर ६० मागतोय. जुना मॉनिटर परत लावा, ६० करा, बंद करा, नवा लावा. जुना भंगारात गेला असेल तर कॉम्प्युटर चालू होताना एफ ८ दाबत राहा, एक्सपीत 'एनेबल व्हीजीए मोड' आणि विंडोज ७ मध्ये 'लो रिझोल्यूशन व्हिडिओ' येतं, त्यातून आत शिरा आणि बदला. विंडोज १० मध्ये एफ ८ सहसा चालत नाही, तिथे मॉनिटर मागून आणणंच सोपं.

एवढं करून लिस्टमध्ये आकडा नसेल तर ड्रायव्हर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्लेखाली विंडोज ७ ला 'स्टँडर्ड व्हीजीए ग्राफिक्स अ‍ॅडॅप्टर', १० ला 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर', किंवा एक्सपीत पिवळं प्रश्नचिन्ह, असं असेल तर ड्रायव्हरच नाहीये. मदरबोर्डच्या खोक्यातली सीडी शोधा, ती सोन्यासारखी जपा, कारण जुने ड्रायव्हर कंपन्या साइटवरून काढून टाकतात आणि मग सर्चमध्ये वर जे 'ड्रायव्हर अपडेटर' येतात ते टाकलेत की मॉनिटर राहील बाजूला, व्हायरस काढत बसाल. इंटेलच्या ९४५ आणि जी३१ चिपच्या जुन्या बोर्डवर कोणी हौसेने विंडोज १० टाकलं असेल तर तिथे इंटेलने १० चा ड्रायव्हर काढलेलाच नाही, उगाच शोधू नका. त्या चिप कागदावर २०४८ बाय १५३६ पर्यंत जातात, म्हणजे ताकद आहे, एक्सपी किंवा ७ वर फुल एचडी बऱ्याचदा मिळतं. एक्सपीवाल्यांनी अ‍ॅडव्हान्स्ड, मॉनिटर टॅबमध्ये 'हाइड मोड्स'ची टिक काढून बघावी, कधी कधी आकडा असतो पण लपवलेला असतो.

आता खर्चाच्या गोष्टी. नव्या मॉनिटरला व्हीजीएच नाही, फक्त एचडीएमआय, असं हल्ली सर्रास होतं. कन्व्हर्टर मिळतो, तपकीर गल्लीत हवे तेवढे, पण दुकानात जाऊन नुसतं 'व्हीजीए-एचडीएमआय द्या' म्हणू नका. दोन प्रकार असतात, दिसायला जवळपास जुळे, आणि एकाचं काम दुसरा करत नाही. तुम्हाला कॉम्प्युटरकडून व्हीजीए घेऊन मॉनिटरला एचडीएमआय देणारा पाहिजे, त्याला पॉवरसाठी यूएसबीची शेपटी असते, ती लावलीच पाहिजे. शेपटी नसलेली नुसती सरळ वायर देत असतील तर परत करा, अ‍ॅनालॉगचं डिजिटल वायरने होत नाही. कॉम्प्युटरच्या मागे डीव्हीआयचं पांढरं सॉकेट असेल तर नशीबवान आहात, डीव्हीआय ते एचडीएमआय साधी केबल चालते, कन्व्हर्टर नको, चित्रही व्हीजीएपेक्षा स्वच्छ, फक्त आवाजासाठी स्पीकर वेगळे ठेवा.

आणि २१:९ चा लांबलचक अल्ट्रावाइड जुन्या मशिनसाठी घेऊ नका. जुन्या साध्या डीव्हीआयची ठिपके पाठवायच्या वेगाची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ, फुल एचडीला ६० हर्ट्झवर १४८.५ लागतात, बसतं. २५६० बाय १०८० ला १८० च्या पुढे लागतात, नाही बसत. मग पुन्हा ताण, पुन्हा पट्ट्या.

शेवटचा उपाय ग्राफिक्स कार्ड. घेण्याआधी कॅबिनेट उघडून लांब पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट आहे का बघा, फारच जुन्या बोर्डावर एजीपी नावाचा वेगळा स्लॉट असतो, त्यात हे कार्ड जातच नाही. बारकं स्लिम कॅबिनेट असेल तर लो प्रोफाइल, म्हणजे बुटक्या पट्टीवालं, कार्ड. जीटी ७१० सारखं १९ वॉटचं कार्ड असेल तर जुन्या एसएमपीएसमधून, म्हणजे पॉवर सप्लायच्या डब्यातून, वेगळी वायर लागत नाही. एक्सपी असेल तर थांबा, नव्या कार्डांना एक्सपीचा ड्रायव्हर नाही, त्यासाठी जुनंच कार्ड शोधावं लागतं. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात मिळतंही, पण तो जुगार आहे. मी सीपीयू खांद्यावर घेऊन ओळखीच्या दुकानात जातो आणि तिथेच लावून, चालू करून, मग पैसे देतो.

आता कुठे थांबायचं. बोर्डावरचे छोटे डबे, कपॅसिटर, वरून फुगलेले किंवा तपकिरी गळलेले दिसले तर थांबा, चिप लेव्हलवाल्याकडे, म्हणजे बोर्डावरचे सुटे भाग बदलणाऱ्याकडे, द्या. जळका वास आला तर थांबा. एसएमपीएस उघडू नका. सीआरटी तर मुळीच उघडू नका, प्लग काढल्यावरही आत जीव घेण्याइतका करंट साठलेला असू शकतो. नव्या मॉनिटरवर उभी रंगीत रेघ आहे आणि ती त्याच्या स्वतःच्या मेनूवरही दिसतेय, तर पॅनल गेलंय, तुमच्या कॉम्प्युटरचा काही दोष नाही, स्क्रूला हात न लावता बिल घेऊन वॉरंटीत द्या. आणि कोणी आला आणि डिस्प्ले नीट नाही म्हणून 'फॉरमॅट मारूया' म्हणाला तर त्याला चहा द्या आणि घरी पाठवा. डोंगलवाल्या मशिनवर ड्रायव्हरला हात लावायच्या आधीसुद्धा मी हार्ड डिस्कची अख्खी कॉपी काढून घेतो, कारण ते सॉफ्टवेअर परत टाकायची सीडी कोणाकडेच नसते.

काकांकडे शेवटी काय होतं म्हणाल तर केबल. मॉनिटरच्या खोक्यात एचडीएमआयची आली होती, ती लागेना म्हणून कोणीतरी ड्रॉवरमधली जुनी व्हीजीए लावली होती, १२ नंबरची पिन आडवी पडलेली. पेन्सिलने सरळ केली. वर्तुळ पट्टीने मोजलं, दोन्हीकडून ११ सेंटीमीटर. पत्रिका परत छापल्या, त्याचे पैसे काकांनी स्वतःच भरले, आणि प्रूफ आता ते कागदावर काढल्याशिवाय पास करत नाहीत. जुना सीआरटी अजून माळ्यावर आहे, प्लास्टिकचं कव्हर घालून.